आगाऊ पैसे भरलेली विश्रांती

सोमवार, ६ ऑक्टोबर. सकाळी १०

हिशेबाच्या वहीची मागची पानं कोरी पडली आहेत. कागद फुकट का घालवा, म्हणून आजपासून त्यांवर रोजनिशी. वाचायला कुणी नाही हे उत्तम. मनातलं लिहिता येईल.

लेकीचा फोन आला. लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून तिने आणि जावयांनी आम्हा दोघांना एका द्राक्षमळ्यावर दोन रात्रींचं बुकिंग करून दिलं आहे. पॅकेजचं नाव 'शरदातला निवांत वीकेंड'. तिथे वाइन करतात. मी म्हटलं, आम्ही देवाधर्माची माणसं, वाइनच्या गावाला जाऊन काय करणार, कॅन्सल कर. ती म्हणाली, रिफंड नाही. मग जावंच लागेल, म्हटलं. ती म्हणाली, तुला ओळखते ना आई, म्हणून तर रिफंड नसलेलं घेतलं.

वर म्हणाली, तू फार दमली आहेस. मी दमलेली नाही. दमलेत ते हे. ऑफिसातून आले की बूट न काढता खुर्चीत बसतात. माझं तसं नाही. मी बसतच नाही.

ह्यांच्यासाठी जायचं ठरवलं.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

प्रश्न सासूबाईंचा. नऊ वर्षांपूर्वी न्हाणीघरात पडल्या, तेव्हापासून त्यांचं उठणं, बसणं, औषध, अंघोळ सगळं माझ्याकडे. दहा मिनिटांपेक्षा जास्त बसवत नाही त्यांना. पहाटे साडेपाचला कोमट पाणी लागतं. कोमट म्हणजे किती, ते फक्त माझ्या बोटाला कळतं.

दोन दिवस वन्सं येणार आहेत. ह्यांच्या थोरल्या बहीण. शाळेत खेळाच्या बाई होत्या, आवाज अजून मैदानावरचाच. फोनवर म्हणाल्या, वहिनी, ती माझी आई आहे, मी काही तिला मोडून ठेवणार नाही. हसल्या. मला हसू आलं नाही. सूचना लिहायला घेतल्या.

गुरुवार, ९ ऑक्टोबर. दुपारी ४

सूचनांची अकरा पानं झाली. उशी कुठल्या बाजूने फिरवायची ते चित्र काढून दाखवलं आहे. ह्यांनी चाळून विचारलं, आईला कुठे पाठवतोय का आपण, अंतराळात? पानं मी काढून घेतली. ज्याला जबाबदारी कळत नाही त्याच्याशी वाद घालू नये.

माझे संकल्प. १) दोन दिवस कुठल्याही कामाला हात लावायचा नाही. २) घरी फोन दिवसातून एकदाच. ३) वाइनला स्पर्श नाही. ४) ह्यांच्याशी गप्पा मारायच्या. विषय आधी ठरवून ठेवायचे, म्हणजे ऐन वेळी खोळंबा नको.

विश्रांतीचं वेळापत्रकही केलं. सकाळी सव्वासात ते आठ रिलॅक्स. साडेदहा ते अकरा देखावा बघणे. असं नेमकं असलं की वेळ वाया जात नाही.

शुक्रवार, १० ऑक्टोबर. सायंकाळी ६

पोचलो. बसला चार तास. डबा बरोबर नेला होता, वाटेत खर्च शून्य.

जागा बरी आहे. टेकडीच्या उतारावर द्राक्षांच्या रांगा, पानं तांबडी-पिवळी झालेली. द्राक्षं उतरवून झाली आहेत. म्हणजे काम संपलेल्या मळ्याला बघायला लोक पैसे देतात. मालकीणबाईंनी खोली उघडून दिली आणि म्हणाल्या, आता काही म्हणजे काही करू नका. मला आवडल्या बाई.

बेसिनच्या नळामागे पांढरं साचलं होतं. जुना ब्रश होता माझ्याकडे. दहा मिनिटांत निघालं. ह्याला काम म्हणत नाहीत, स्वच्छतेची आवड म्हणतात. चादरी मी घरच्या आणल्या होत्या, त्या घातल्या. त्यांच्या घडी करून कपाटात.

फोनला इथे रेंज नाही. मागच्या टेकाडावर पिंपांच्या कोठारापाशी एक दगड आहे, त्यावर उभं राहिलं की येते. आज तीनदा चढले. पहिल्यांदा वन्संनी उचलला नाही. दुसऱ्यांदा म्हणाल्या, आई मजेत आहे. मजेत हा शब्द मला पटला नाही, म्हणून तिसऱ्यांदा.

हे अंगणातल्या बाकावर बसले होते. म्हणाले, ये, बस जरा, एक बोलायचंय. म्हटलं, आलेच, वन्संना पातळ उशीचं सांगायचं राहिलंय. चौथ्यांदा चढले. परत आले तर हे बाकावरच डुलक्या घेत होते. किती दमलेत. बरं झालं ह्यांना आणलं.

शनिवार, ११ ऑक्टोबर. सकाळी ९

साडेपाचला जाग आली. पाणी कोमट करायला उठले, मग आठवलं. तरी केलं. ह्यांना दिलं. ह्यांनी एक डोळा उघडून विचारलं, मला काय झालंय?

सव्वासातला रिलॅक्स करायला बसले. सातवीसला झालं.

साफसफाईवाल्या बाई आल्या. खोली बघून म्हणाल्या, ताई, मला काही ठेवलंच नाहीत तुम्ही. त्यांचे गुडघे दुखतात. त्यांना खुर्ची दिली, चहा करून दिला, पुढच्या दोन खोल्यांच्या पलंगांना हात लावू लागले. शेजारच्या खोलीतल्या जोडप्याने टॉवेल मागितले, ते नेऊन दिले. त्यांनी मला टीप दिली. मी परत केली. म्हणजे त्यातली अर्धी साफसफाईवाल्या बाईंना दिली आणि अर्धी देवापुढे ठेवायला घेतली.

हे नाश्त्याला एकटेच जाऊन आले.

दुपारी १२.३०

पॅकेजमध्ये चार वाजता वाइन चाखण्याचा कार्यक्रम आहे. माणशी सहा पेले. पैसे आगाऊ भरलेले. मालकीणबाईंना विचारलं, आम्ही नाही घेतले तर? म्हणाल्या, काही हरकत नाही. पैशांचं काय, विचारलं. हसल्या फक्त.

माळ घेऊन बसले आणि देवालाच विचारलं. देव काही बोलला नाही, म्हणजे अगदीच विरोध नसावा. शिवाय कळलं की जाणकार लोक वाइन पीत नाहीत. तोंडात घोळवतात आणि शेजारच्या भांड्यात थुंकतात. म्हणजे चूळच. चूळ भरण्याला कुठल्याच धर्मात बंदी नाही.

ठरलं. चूळ भरायची, पैसे वसूल.

टेकाडावर पाचदा. वन्सं म्हणाल्या, वहिनी, आता फोन केलास तर उचलणार नाही, आमचा डाव चाललाय. कसला डाव? फोन ठेवला.

सायंकाळी ६ च्या सुमारास

अक्षर तिरकं येत आहे. टेबल उतारावर ठेवलेलं दिसतं. इथली जमीनच तशी.

चाखण्याचा कार्यक्रम उत्तम. चव समजावून सांगणारी मुलगी फार गोड. ह्यात ओली माती लागते का बघा, म्हणाली. लागली.

पहिली चूळ भरली. भांड्याकडे वाकले. आणि माझ्या आईचा आवाज कानात आला, पानातलं टाकू नये, अन्नाला मान द्यावा. चार महिने वेलीने पोसलेलं, माणसांनी वाकून खुडलेलं, आणि मी थुंकणार? टाकणं पाप की पिणं पाप? टाकणं मोठं पाप. गिळली.

ह्यांना पित्त आहे. एका पेल्यानंतर थांबले. उरलेले पाच तसेच जाणार होते.

गेले नाहीत.

अकरा. सगळे पेले विसळूनही दिले.

मग मी चार शब्द बोलले वाटतं. सगळे फार लक्ष देऊन ऐकत होते. शेजारच्या खोलीतल्या बाईंनी डोळे पुसले. त्या मुलीने मला मिठी मारली. संस्कारांचा परिणाम होतो माणसांवर.

डोंगर हलतो आहे. जरा पडते.

रविवार, १२ ऑक्टोबर. दुपारी १

प्रवासाच्या शिणामुळे काल लवकर झोप लागली. आज नऊला उठले. नऊला. लग्नानंतर पहिल्यांदा. डोकं जड आहे, हवा बदलली की होतं.

हे बाहेर बाकावर होते. माझ्यासाठी चहा झाकून ठेवलेला. बसल्याबरोबर म्हणाले, काल तू काय बोललीस ते आठवतं का? म्हटलं, साधारण. म्हणाले, तू म्हणालीस, मला घरी जायचं नाही. तीनदा म्हणालीस. नऊ वर्षांत मला कुणी साडेपाचच्या पुढे झोपू दिलं नाही, म्हणालीस. मग त्या पोरीला विचारलंस, इथे पेले विसळायला बाई लागते का, मी राहते, पगार नको, रविवारी फक्त झोपू द्या.

मी असं बोलणं शक्य नाही. ह्यांचं ऐकण्यात काही चुकलं असणार. तिथे गोंगाटही होता.

मग म्हणाले, शुक्रवारपासून तुला एक सांगतोय, तू टेकडी चढतेस. ताई आईला सहा महिने तिच्याकडे न्यायचं म्हणते आहे. आईचीही ना नाही. तू हो म्हण.

मी म्हटलं, सासूबाईंना तिथे चार दिवस निघणार नाहीत. उशी कोण फिरवणार? हे जवळ सरकले. माझा हात धरून बसले. तीस वर्षांत चारचौघांत असा हात धरला नव्हता. साडेदहा ते अकरा देखावा बघणे, ते आपोआप झालं.

निघताना मालकीणबाईंनी एक बाटली भेट दिली. म्हणाल्या, तुमच्यासारखं कुणी आलं नाही आजवर. आणि हळूच म्हणाल्या, मनावर घेणार असाल तर शनिवार-रविवार खरंच बाई हवी आहे.

साबणाच्या छोट्या वड्या घेतल्या. पॅकेजमध्येच आहेत.

सोमवार, १३ ऑक्टोबर. दुपारी ३

काल घरी आलो तेव्हा सासूबाई गॅलरीत खुर्चीवर बसलेल्या. वन्सं म्हणाल्या, तासभर झाला. केस कापून बारीक केलेले, अगदी मुलासारखे. नऊ वर्षं मी त्यांची वेणी घालते. पाठीमागून ओळखलंच नाही.

मला बघून सासूबाई म्हणाल्या, आलीस एवढ्यात?

माझी अकरा पानं टेबलावर होती. पालथी. त्यांच्या पाठीवर पत्त्यांच्या डावाचे गुण मांडलेले. सासूबाई चौदा, वन्सं सहा. कागद फुकट घालवला नाही, एवढं मात्र खरं.

कोमट पाण्याचं विचारलं. वन्सं म्हणाल्या, अगं, ती साडेसातपर्यंत उठतच नाही. मी सासूबाईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, तू पेला घेऊन उभी राहायचीस, मग उठायचे. पोर एवढी धडपडते, तिला नको कसं म्हणायचं?

नऊ वर्षं.

मग म्हणाल्या, मी जाते हो हिच्याकडे. तुझ्याकडे कमी काही नाही. पण तुझ्या हाताखाली मला सारखं आजारी असल्यासारखं वाटतं. आणि तुझ्याकडे बघून तर जास्तच.

मी म्हटलं, मी अगदी ठणठणीत आहे. तिघांनीही मान हलवली. कुणाचीच होकारार्थी नव्हती.

बुधवार, १५ ऑक्टोबर

सहा महिन्यांचे संकल्प. १) माळा आवरणे. २) रोज एक हजार जप. ३) शिलाई मशीन दुरुस्त करून उरलेल्या कापडांचे अभ्रे. ४) पहाट मोडायची नाही, साडेपाचला उठायचंच. इतका वेळ हाताशी आला तर माणूस काय काय करू शकेल. मी तर भराभर करेन, कारण मी मुळात दमलेलीच नाही.

सासूबाईंची पिशवी भरली. पातळ उशी वर ठेवली.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

सकाळी दहाला गेल्या. गाडीत बसताना माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाल्या, झोप गं पोरी. वन्संनी पातळ उशी परत दिली. तिकडे जाड आहे म्हणाल्या, आईला जाडच आवडते.

माळा उद्या.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

साडेपाचला गजर झाला. उठले. पाणी कोमट केलं, बोट घालून बघितलं, अगदी बरोबर होतं. पेला घेऊन सासूबाईंच्या खोलीत गेले. पलंग आवरलेला.

पाणी टाकवेना. उभ्याउभ्या मीच प्यायले.

पेला विसळायचा होता. त्याआधी पाच मिनिटं पलंगाच्या कडेला टेकले, पातळ उशी नीट लावायला.

आत्ता दुपारचा पाऊण वाजला आहे. अंगावर पांघरूण आहे. ते मी घेतलेलं नाही. पेला विसळून पालथा घातलेला आहे. हे ऑफिसला गेले, डबा स्वतः भरून. दूध तापवलेलं आहे, देवापुढे दिवाही लावलेला दिसतो, वात जरा मोठी आहे.

कुणी उठवलं नाही.