रानबागेत पालथे पडलो त्याची हकीकत

नगर, १२ नोव्हेंबर १९४६

वडीलधारे अब्राहाममामा यांस,

दीनाचा ख्रिस्तात सलाम. मामींचा दमा थंडीने वाढला नाही ना? आमच्या आईच्या गुडघ्यांना अजून आराम नाही. पण त्याच गुडघ्यांवर ती गेल्या शनिवारी दीडशे पावलं रांगली (तुम्ही बरोबर वाचलंत), तेव्हा सगळं सविस्तर कळवणं भाग आहे.

आपला प्रभुदास ब्रह्मदेशच्या लढाईवरून परतल्यापासून नऊ महिने एक शब्द बोलला नव्हता, हे तुम्हाला ठाऊकच आहे. डॉक्टर म्हणाले, भावाला मोकळ्या हवेत न्या. म्हणून मी, आई, माझी सहा वर्षांची दया आणि तो असे टांग्याने डोंगराखालच्या रानबागेत गेलो. लोकांनी सहकुटुंब यावं, निसर्ग पाहावा म्हणून ती खुली केली आहे. पायवाटांच्या कडेला चुना लावलेले दगड, झाडांवर नावांच्या पाट्या (लिंबाला लिंब म्हणतात हे मला तिथे कळलं), आणि पिंजऱ्यात एक तरस, त्याने दिवसभर आमच्याकडे पाठ केली होती. आमच्या दशम्या माकडांनी नेल्या. राखणदार आसाराम म्हणाला, "बाई, त्यांचंबी घर हाय."

दुपारी बायकांची लिंबू-चमच्याची शर्यत होती. आई हट्टाने उतरली. आसारामने शिट्टी फुंकली, आणि त्याच क्षणी प्रभुदास ओरडला, "खाली पडा! सगळे खाली!" मामा, नऊ महिन्यांनी आलेला तो आवाज! त्याने बाजार आणायला सांगितला असता तरी मी धावले असते. मी पडले, दया पडली, आई तोंडात चमचा घेऊन पडली. आसाराम म्हणाला, "मला डूटीवर आडवं व्हता येत न्हाई," पण प्रभुदासने त्याचा पाय ओढला आणि तोही पडला. मग आम्ही त्याच्यामागून वाळल्या गवतातून सरपटू लागलो. कुसळं कुठे कुठे रुतली ते लिहिण्यासारखं नाही. आई हळूच प्रभूची प्रार्थना म्हणू लागली, तर तिलाही "आवाज नको!" वाटेत आमचे शाळातपासनीस सहकुटुंब छत्री घेऊन उभे. खाली वाकून म्हणाले, "काय बाई, निसर्ग-निरीक्षण?" मी म्हटलं, "होय साहेब." (त्यांनी वहीत काहीतरी टिपलं. बढतीचा विषय संपला असं समजा.)

ओढ्याशी पोचल्यावर त्याने आमच्या डोक्यांना हात लावून मोजलं. एकदा, पुन्हा एकदा. मग म्हणाला, "एक कमी आहे. शलमोन कुठाय? पाण्याला गेला, अजून आला नाही."

मामा, तुमच्या शलमोनचं नाव आम्ही त्याच्यापुढे कधी काढलं नव्हतं. दोघं आते-मामेभाऊ एका तुकडीत होते, आणि सरकारी तारेत 'बेपत्ता' एवढंच होतं. तो उठून ओढ्यात निघाला. तेव्हा आसारामने त्याचा दंड धरला. "तुमी बसा, साहेब. म्या बघून येतो." आणि तो खरोखर गेला. काठीने एकेक झुडूप बाजूला सारत पार वळणापर्यंत गेला. आम्ही सगळे बघत होतो. परत येऊन त्याने डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं. "न्हाई, साहेब. त्यो आता येत न्हाई."

प्रभुदासने त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि रडला. घरी परतेपर्यंत रडत होता. आता बोलतो. थोडं बोलतो, पण बोलतो.

मामींना नमस्कार सांगा.

तुमची भाची,
दीना

ता. क. हे सारं तुम्हाला हसू यावं म्हणून लिहिलं नाही. सुरुवात कशी करावी ते कळेना. प्रभुदासला वांबोरीला येऊन तुमच्यासमोर बसून सांगायचं आहे. येऊ दे का?

ता. क. दुसरा. पत्र त्याला वाचून दाखवलं. आसारामचं वाचताना मान हलवली. मग म्हणाला, "एक चूक आहे, दुरुस्त कर. पाण्याची पाळी माझी होती. मी शलमोनला म्हटलं, तू जा." मी म्हटलं, हे नको लिहायला. तो म्हणाला, हेच लिही. लिहिलं आहे. हे वाचूनही 'ये' म्हणावंसं वाटलं, तर एक कार्ड टाका. मामींना विचारून टाका.