परीक्षकाचा उजवा डोळा

टॅम्पिनीस, सिंगापूर
९ फेब्रुवारी २०२५

ती. क्षिप्राताईस,
मंदारचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. रिवाजाप्रमाणे आईने ते आधी वाचलं, तुला दहापैकी आठ गुण दिले आणि मग माझ्या हाती सोपवलं. खुशालीला फोन आणि वादाला पत्र, हा तिचाच नियम. पत्रातला राग पोचेपर्यंत निवतो म्हणते. शाळा सुटून नऊ वर्षं झाली, पण तिच्यातल्या बाई काही निवृत्त व्हायला तयार नाहीत.

आता मुद्दा. तुमच्या कॅनडात कार्ड दाखवलं की झालं, सगळ्यांचं बिल एकटं सरकार भरतं, हे ऐकायला छान वाटतं. पण त्या फुकटाच्या रांगेत तुझा गुडघा अकरा महिने उभा होता, हे तूच लिहिलंस. इथे नागरिक आणि पीआर म्हणजे कायमचे रहिवासी, सगळ्यांना सरकारी विमा आहे, पण बिलातला काही वाटा आपला आपणच भरायचा. हप्ते वाढताहेत, कुरकुर मीही करतो. तरी खिशाला चिमटा बसणार म्हटलं की माणूस उठसूट डॉक्टरकडे धावत नाही आणि सगळ्यांचाच खर्च आटोक्यात राहतो.

पुरावा हवा? आपली आई. ती व्हिजिट पासवर, म्हणजे तिला विमाही नाही आणि सवलतही नाही. चौदा महिन्यांत एकदाही डॉक्टरची पायरी चढलेली नाही. नाशिकला साधी शिंक आली तरी दवाखाना गाठायची! पैसे पडतात म्हटल्यावर निम्मी दुखणी आपोआप बरी होतात ती अशी. बोल आता.

तुझी भावजय किमया मजेत आहे. आई नातीला मराठी वाचायला शिकवते आणि तन्वी दर जोडाक्षराला इथल्या पोरांचं ते ‘लाह’ लावून हात टेकते.

वयाने धाकटा, तर्काने थोरला,
मंदार

ता. क. (आईच्या अक्षरात) मंदारला साडेआठ. घरचं उदाहरण दिलं म्हणून अर्धा गुण जास्त. आई.


मिसिसागा, कॅनडा
२ मार्च २०२५

चि. मंदार यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून एकटीच हसत बसले. रांग खरी रे बाबा, अकरा महिने जिने चढताना मी सरकारला शिव्या घातल्या. पण ऑपरेशनचं बिल मी डोळ्यांनी पाहिलं नाही, आणि शेजारच्या खाटेवरच्या, ऑफिसं झाडणाऱ्या बाईनेही पाहिलं नाही. कर भरताना दातओठ मीही खाते. तरी दुखणाऱ्या माणसाला आधी खिसा चाचपायला लावणं मला पटत नाही. नको तिथे अडवणारा तुझा चिमटा हवं तिथेही अडवतो, कारण आपलं दुखणं साधं की मोठं हे दुखणाऱ्याला कुठे कळतं?

आता तुझा हुकमाचा पत्ता. गुरुवारी आईला फोन केला होता. बोलता बोलता म्हणाली की दोन दिवस उजव्या डोळ्यात विजा चमकल्यासारखं होतंय, काळी जाळी तरंगतात. दाखव म्हटलं तर हसली आणि मंदारला सांगू नकोस म्हणाली. मी लगेच तुला फोन लावणार होते. मग म्हटलं, इतका सुंदर मुद्दा फोनवर वाया कोण घालवील? वादाला पत्र! तर सांगा महाशय, हाच का तुमचा विचारी रोगी?

मोतीबिंदू असेल, दुसरं काय. तिला दाखवून आण आणि हार कबूल करूनच पुढचं पत्र लिही. आई, हे तू आधी वाचशीलच. चहाडी केली म्हणून माझे गुण कापू नकोस.

लोभ आहेच, तो वादापुरता बाजूला ठेव.
तुझी ताई


टॅम्पिनीस
२४ मार्च २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हा वादाचा कागद नाही. ऑपरेशन झालं एवढं फोनवर सांगितलं, बाकीचं बोलायला तोंड उघडेना.

तुझं पत्र १९ तारखेला आलं. या खेपेला आईने पाकीट न फोडताच माझ्यापुढे धरलं. वाचलं नाहीस का विचारलं, तर चष्मा सापडत नाही म्हणाली. चष्मा तिच्या नाकावर होता. मी तिथेच पत्र उघडलं आणि त्याच दुपारी तिला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डोळ्याचा आतला पडदा सुटला होता. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया केली. उजव्या डोळ्याला आता दिवा लागलाय की नाही, एवढंच कळतं. विजा चमकायला लागल्या त्या आठवड्यात आणलं असतं तर बहुतेक वाचला असता, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. त्या शांतपणे सांगत होत्या आणि मला आईकडे बघवत नव्हतं.

का सांगितलं नाहीस, असं विचारलं. आई म्हणाली, तुझं पत्र गेलं होतं रे, त्यात माझं उदाहरण होतं. मी दवाखान्यात गेले असते तर तू ताईसमोर तोंडघशी पडला असतास.

ताई, या महिन्यात तिने दोनदा कपाबाहेर चहा ओतला. मी चेष्टा केली. आणखी एक सांगतो, किमयालाही माहीत नाही. आई आली तेव्हा तिच्यासाठी खासगी विमा बघितला होता. हप्ता भारी वाटला म्हणून फाइल मिटली आणि पुढे त्याच कंजूसपणाचं तत्त्वज्ञान करून तुला लिहिलं. खर्च मी आनंदाने केला असता, पण हे तिला कधी बोललो नाही. तिने ऐकलं ते फक्त माझं भाषण.

मला रागावून लिही. तेवढी माया कर.
मंदार


मिसिसागा
१० एप्रिल २०२५

प्रिय मंदार,

आशीर्वाद द्यायला हात उचलत नाही, म्हणून मायना साधा आहे.

तुला रागावू कुठल्या तोंडाने? तुला माहीत नव्हतं, मला माहीत होतं. २७ फेब्रुवारीला आईने सांगितलं, १९ मार्चला तुला कळलं. वीस दिवस तिचा डोळा टपालात होता. मधे मी तिला दोनदा फोन केला आणि मेतकुटाचं प्रमाण विचारलं. डोळ्याचं विचारलं नाही, कारण ते विचारलं असतं तर तुला आधीच कळलं असतं आणि पत्राची मजा गेली असती. ही मजा, मंदार. पत्र पेटीत टाकून येताना मी गाणं गुणगुणत होते.

इथे डॉक्टरांचं बिल येत नाही म्हणून मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं. तुला एक फोन करायलाही काही पडलं नसतं.

हे आईला वाचून दाखवू नकोस. मे महिन्यात येतेय. तोवर माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.
ताई


टॅम्पिनीस
४ मे २०२५

चि. क्षिप्रास अनेक उत्तम आशीर्वाद.

अक्षर मोठं आलंय, समजून घे. तुझं पत्र मंदारने कपड्यांच्या कपाटात दडवलं होतं. तन्वीने शोधून काढलं आणि अडखळत अडखळत सगळं वाचून दाखवलं. पोरगी मधेच रडायला लागली, तेव्हा मीच तिला सावरलं.

डोळा गेल्याचं दुःख आहे, खोटं कशाला बोलू. जिना उतरताना भीती वाटते. पण तुम्ही दोघं मिळून सगळा दोष वाटून घेताय आणि माझ्यासाठी काही ठेवतच नाही, हेही बरं नाही. मंदारचा मुद्दा पडेल ही भीती होतीच. त्याहून खरं सांगते. तुमचे बाबा गेल्यावर मी मुलाच्या घरी आलेली म्हातारी झाले होते. तुम्ही भांडायला लागलात आणि पुन्हा माझ्या शब्दाची वाट बघायला लागलात. डोळा दुखतो म्हटलं असतं तर मी परीक्षक राहिले नसते, पेशंट झाले असते. ते मला नको होतं. मी माझीही गुन्हेगार आहे, बाळा.

आता परवाची गोष्ट. सकाळी डाव्या डोळ्यात काहीतरी चमकलं. मी तन्वीकडून मंदारला ऑफिसात फोन लावला. तो मीटिंग सोडून टॅक्सीने आला, मला घेऊन गेला. डॉक्टरबाईंनी थेंब घातले, तासभर सगळं तपासलं. डोळा ठणठणीत निघाला, खिडकीची तिरीप आरशावर पडली असेल म्हणाल्या. नसत्या शंकेपायी चांगलंच बिल झालं. मी ओशाळून मंदारकडे बघितलं, तर तो काउंटरपाशी उभा राहून रडत होता आणि हसतही होता. मला म्हणाला की आई, उद्या पुन्हा चमकलं तर उद्या पुन्हा येऊ.

येशील तेव्हा हातात पत्र नको, तूच ये.
तुझी आई