उघाडीशेजारचं घर

सिकंदराबाद,
४ मे २०२५

चि. त्रिवेणीस,

थोरल्या जावेचे आशीर्वाद. रागावली आहेस म्हणून परत पाठवू नकोस, टपालखात्याकडे तशी सोय नाही.

माझा फोन तू उचलत नाहीस. चार शिव्या घालायला तरी उचलायचास! म्हणून पत्र लिहिते आहे. फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं.

इथे सगळे खुशाल. हर्षदचं ऑफिस, मृण्मयीचं ऑफिस, आणि दिवसभर घरात मी आणि फ्रीज. सून पुण्याची असली तरी गुणाची आहे. माझ्यासाठी बांगडे आणते, स्वतः नाक दाबून. ऊन मरणाचं आहे, पण घाम चिकटत नाही. पापड कुरकुरीत राहतात. हे मी कौतुकाने लिहिते आहे, तुला खिजवायला नाही.

गावात काय बोललं जातंय ते मला माहीत आहे. त्याबद्दल पुढे लिहिते. आधी भाताचं सांगते.

खालच्या मजल्यावर चतुराबाई राहतात. त्यांचे सासरे उदगीरकडची शेती सोडून इथे आले, तेव्हापासून घर हैदराबादी. बाईंनी समुद्र कधी पाहिलेला नाही. भरतीच्या पाण्यापेक्षा आमचं शेत खाली आहे हे त्यांना काही केल्या पटेना. शेवटी पोळपाटावर कणकेचा बांध घालून दाखवला. बाहेर खाडी, आत भात, आणि बांधात उघाडीचं दार. भरतीला दार मिटायचं, ओहोटीला उघडून पावसाचं साठलेलं पाणी बाहेर सोडायचं. चतुराबाई बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "बापरे! म्हणजे तुमी समिंदराच्या घरात किरायानं राहताव!"

मी म्हटलं, किरायानं नाही हो, वहिवाटीनं.

त्याच दिवशी ठरवलं. येताना मी माळ्यावरची लाल भाताची पिशवी घेऊन आले होते, आपल्या राता वाणाची. बांध फुटून आत आलेलं पाणी ओसरल्यावर तुम्ही दुकानातलं बियाणं पेरलंत ते पिवळं पडून बसलं, हे कळल्यापासून ती पिशवी मला झोपू देईना. गच्चीवर तीन टब मांडले. बी भिजवून, फडक्यात बांधून मोड आणले आणि चिखलात फेकले, आपल्या खारजमिनीत फेकतो तसेच. मृण्मयीने फडकं सोडून बघितलं होतं. तिला वाटलं उसळीचं आहे. दोनदा धुऊन कुकरला लावायच्या बेतात होती बिचारी!

एका टबाला गोडं पाणी. दुसऱ्याला खारं, जिभेला आपल्या शेतातलं लागतं तितकं. तिसऱ्याला त्याहून खारं, मागच्या श्रावणात बांध फुटला तेव्हा होतं तसं. मीठ आणायला चतुराबाईंबरोबर कोठीच्या बाजारात जायची. दुकानदाराने एकदा विचारलंच, "अम्मा, इत्ता नमक कायकू? अचार डालते क्या?" चतुराबाईंनी छाती काढून सांगितलं, "अचार नक्को, समंदर डालते!" तेव्हापासून आम्ही त्याला वेड्या वाटतो.

सोसायटीचे अप्पाराव तक्रार घेऊन आले. खारं पाणी गळून त्यांच्या खिडकीचे गज गंजायला लागले होते. बरोबरच होतं त्यांचं. मी टबांखाली परात ठेवली आणि त्यांना कैरीचं लोणचं दिलं. पण हर्षदला त्यावरून कुणी लिफ्टमध्ये हसलं असावं. त्या संध्याकाळी तो गच्चीवर आला आणि म्हणाला, "आई, जी जमीन आपण ठेवणारच नाही, तिच्यासाठी हे कशाला?"

तर आता तेच लिहिते, जे टाळत होते.

शिमग्याला त्याने कोळंबीच्या तलावाचा माणूस गावात आणला होता, हे खरं आहे. त्या माणसाला आधी माझंच शेत हवं आहे, कारण उघाडी माझ्या शेताच्या कडेला आहे. दार त्याच्या हातात गेलं की खारं पाणी आत घेणार तो, सोडणार नाही. मग तुझं शेत, शेजारच्या दिलीपचं शेत, सगळ्या खाराचं भात संपलं. तुम्हाला हे कळत होतं, मलाही कळत होतं. विक्रीचा कागद तयार होऊन घरी आला. चष्मा लावून मी तो वाचला. पेनही हातात घेतलं, त्रिवेणी.

हर्षदला वाईट म्हणू नकोस. बांध फुटला तेव्हा तोच आला होता मला न्यायला. घरात कमरेएवढं पाणी, आणि मी माळ्यावर बसलेली, मांडीवर भाताची पिशवी. त्याचा चेहरा मी बघितला आहे. त्याला जमीन नको आहे असं नाही. त्याला आई हवी आहे, कोरडी.

आणि मी पेन का घेतलं, ते तुला सांगते. दुसऱ्या कोणाला सांगितलेलं नाही. मला भीती वाटते. भरतीवर खेकडे पकडत वाढलेली मी, माझ्या तोंडून हे निघत नव्हतं. इथे रात्री वरची टाकी भरते, तो आवाज ऐकून मी उठून बसते आणि पाय जमिनीवर टेकवून बघते, कोरडी आहे ना. आपल्या वेळी वर्षातून एखादं उधाण बांधाच्या डोक्याला लागायचं. आता दर अमावास्येला लागतं. ते पाणी पुन्हा येणार आहे हे मला तुझ्याइतकंच ठाऊक आहे.

पेन हातात धरून बसले होते तेवढ्यात चतुराबाई गच्चीवरून ओरडत आल्या. "शोभाताई, चला की! मेलेल्याला लोंब्या आल्यात!"

तिसरा टब मी सोडून दिला होता. बहुतेक रोपं जळून गेली होती. पण चार-दोन उभी होती, आखूड, काटक, आणि त्यांना दाणा भरत होता. मी लोंबी चावून बघितली. दूध होतं. रडले नाही मी. मला राग आला. ज्या पाण्याला भिऊन मी सही करायला निघाले होते, ते पाणी पिऊन हे पोसवलं होतं!

खाली येऊन हर्षदला कागद परत दिला. तो म्हणाला, "समुद्राशी भांडून कोण जिंकलंय?" मी म्हटलं, "अरे, भांडतंय कोण? आम्ही दाराशी बसतो. भरतीला लावतो, ओहोटीला उघडतो. तुझे आजोबा बसले, तुझे बाबा बसले, आता मी बसेन." तो म्हणाला, पुन्हा पाणी आलं तर मी येणार नाही. त्यानंतर तो माझ्याशी बोलत नाही. माझं गावाचं तिकीट मृण्मयीने काढलं.

आता नीट वाच. सही केलेली नाही. करणारही नाही. कोळंबीवाल्याला दिलीपकडून निरोप दे, की उघाडीशेजारच्या घरची म्हातारी परत येते आहे आणि तिला अजून दिसतं, ऐकू येतं.

अष्टमीच्या भांगाला उधाण नसतं, खाडीचं पाणी कमी चढतं, तेव्हा काम धरू. बांध हातभर तरी वर घ्यायचा. बाहेरच्या अंगाला तिवरं लावायची, आणि त्यांच्यावर कोणी सरपणासाठी कोयता चालवला तर त्याची गाठ माझ्याशी. तिसऱ्या टबातला दाणा मूठभरच आहे. तो तुझ्या सखल तुकड्यात टाकू, तिथे पाणी सगळ्यात आधी चढतं. टिकला तर पुढच्या वर्षी सगळ्यांना देऊ. जळला तर माझ्याकडे अजून मीठ आहे.

एक शेवटचं. बांध फुटल्यावर चिखल टाकायला उभं राहतात, तेव्हा घराघराच्या नावाने हाक घालतात आणि ज्या घरून ओ येत नाही ते घर गावातून गेलं असं धरतात. मागच्या श्रावणात मी हर्षदच्या गाडीत होते. माझ्या घराच्या नावाने हाक गेली, आणि तू दोनदा ओ दिलीस. एकदा तुझ्या घरासाठी, एकदा माझ्या. दोन घरांचा चिखल एकटीने वाहिलास. हे मला दिलीपने सांगितलं, तू कधी बोलली नाहीस. म्हणून तुझा राग मी डोक्यावर घेते.

पण यंदा माझ्या घराची हाक आली की तू गप्प राहा. ओ मी देणार आहे.

तुझी,
भ्यालेली आणि निघालेली,
शोभा