एकशे चारवर अडकलेला भाऊ

तीर्थस्वरूप ताईस,

तुझ्या ढोल्याचा साष्टांग नमस्कार. (ही पदवी तूच दिलेली आहेस, ती मी ठेवायची की परत करायची याचा खुलासा पुढे येईल.) भाऊजींनाही माझा नमस्कार सांग. तुझी तब्येत कशी आहे हे मी विचारत नाही, कारण तू 'मजेत' म्हणणार, आणि मजेत असलेल्या माणसाला दर दोन दिवसांनी मशीनला जोडून घ्यावं लागत नाही. फोनवर विषय काढला की तुझ्या दाराची बेल वाजते, दूध उतू जातं, नाहीतर आवाज येईनासा होतो. पत्रात आवाज न येण्याची सोय नाही, म्हणून हा कागदाचा खटाटोप. शेवटपर्यंत वाच. मध्येच चष्मा सापडत नाही असं म्हणू नकोस, तो तुझ्या डोक्यावर असतो.

आधी सगळं नीट मांडतो. तुझ्या दोन्ही किडन्यांनी हात टेकले, घरातल्या सगळ्यांच्या तपासण्या झाल्या आणि जुळली ती नेमकी माझी. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! आयुष्यात पहिल्यांदा माझं कुणाशी तरी पूर्ण जुळलं होतं (आमची ही हे पत्र वाचणार नाही असं धरून लिहितो). तेवढ्यात त्या डॉक्टरीणबाईंनी मला वरून खालपर्यंत न्याहाळलं, मधल्या भागात जरा जास्त वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, एवढा मोठा संसार मागे उरलेल्या एकट्या किडनीला झेपायचा नाही. वजन एकशे चार. ते नव्वदच्या खाली आणा, आणल्यावर तिथेच ठेवा, मग तुमचं नाव प्रत्यारोपणाला परवानगी देणाऱ्या समितीपुढे नेते. तेव्हा तू खुर्चीत बसल्या बसल्या हसलीस. म्हणालीस, "हा नव्वदच्या खाली आला, तर मी मुकाट्याने त्याची किडनी घेईन." सगळे हसले, मीही हसलो. तो तुझा नकार होता हे मला घरी पोचल्यावर कळलं.

मग सुरू झाला तो कमी उष्मांकांचा आहार. आहारतज्ज्ञ म्हणून ज्या बाई मिळाल्या त्या स्वतः पेन्सिलीएवढ्या. त्यांनी काय काय खायचं नाही हे सांगायला जेवढा वेळ घेतला, तेवढ्यात मी पूर्वी दोनदा जेवलो असतो. अंमलबजावणी तुझ्या भावजयीकडे. सकाळी उकडलेलं अंडं, पण पिवळं काढून (म्हणजे लग्नाला बोलवायचं आणि जेवायच्या आधी घालवून द्यायचं). दुपारी काकडी, कोबी आणि पुन्हा काकडी. संध्याकाळी सूप, म्हणजे भाज्यांनी अंघोळ केलेलं पाणी. प्रत्येक घास स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर मोजून. तो काटा मीच तिला हौसेने आपल्या काट्यांच्या दुकानातून आणून दिला होता. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच. बिस्किटांच्या कपाटाची किल्ली तिने गळ्यात घातली. मी इतका चिडचिडा झालो की एका गिऱ्हाइकाने 'भाकरी-तुकड्याचं बरं चाललंय ना' असं विचारल्यावर त्याच्यावर खेकसलो. तो बिचारा धंद्याची चौकशी करत होता.

आता दुकानाचं सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आपल्याकडे दुरुस्तीला येणारा प्रत्येक मोठा वजनकाटा, मग तो गोदामाचा असो, दवाखान्याचा असो की व्यायामशाळेचा, बाहेर जाण्याआधी खऱ्या वजनांनी जुळवावा लागतो. वीस-वीस किलोची लोखंडी वजनं त्यावर चढवायची, मग बटण दाबून काट्याला सांगायचं की बाबा रे, हे इतके किलो आहेत, लक्षात ठेव. तो जन्मभर तेच प्रमाण धरून चालतो. हे काम माझ्या मेहुण्याकडे आहे (आमच्या हिचा धाकटा भाऊ, कामाला चोख, पण कमरेने अधू). आणि माझी एक जुनी पद्धत आहे: काटा दुकानाबाहेर जाण्याआधी मी स्वतः एकदा त्यावर उभा राहतो. मालकाची नजर असावी म्हणून. मी उभा राहायचो, मेहुणा समोर बसून बटणांशी काहीतरी करायचा, आकडा यायचा एकशे चार. मी 'शाब्बास' म्हणून उतरायचो. कित्येक वर्षं हे असंच चालू होतं.

आहार सुरू झाल्यावर वेगळी वजनाची सोय करायची गरजच नव्हती, रोज एक-दोन काटे समोर असायचेच. पहिला आठवडा, एकशे चार. म्हटलं, शरीराला अजून बातमी पोचली नसेल. पुढचा आठवडा, एकशे चार. पुढचा महिना, एकशे चार! दुधवाल्याचा काटा, भंगारवाल्याचा काटा, कुरिअरवाल्याचा काटा, सगळ्यांचं एकमत. माझी पँट सैल व्हायला लागली तर ही म्हणाली, जुनी झाली. कंबरपट्ट्याला नवी भोकं पाडली तर म्हणाली, चामडं ताणलंय. घरच्या काट्याने मधे एकदा दोन किलो कमी दाखवले, तेव्हा मला त्याचाच संशय आला. (विचार कर, गावातले सगळे काटे एकशे चार म्हणतात आणि हा एकटा वेगळं बोलतो.) मी तो दुकानात नेला, मेहुण्याने दुरुस्त केला, मी वर उभा राहिलो आणि तोही एकशे चार म्हणायला लागला. तेव्हा कुठे माझं समाधान झालं.

घरात मात्र वातावरण बिघडलं. तुझी भावजय मी घरी आलो की माझे हात हुंगायची. खिसे उलटे करायची. मी बाहेर चोरून खातो याबद्दल तिची खात्री पटली होती. तिने भावाला बोलावून साक्ष घेतली. तो शपथेवर म्हणाला, दाजी दुकानात पाण्याशिवाय कशाला तोंड लावत नाहीत. तिने त्यालाही फितूर ठरवलं. मी आणखी कमी खायला लागलो. जिना चढताना डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. आणि ताई, तिकडे भाऊजी हळूच फोन करून सांगायचे की तुझ्या हाताच्या शिरा आता सुईला दाद देत नाहीत, मशीनही तुला सोसेनासं झालंय. समितीची बैठक ठरली होती, त्यात माझं नाव नाही गेलं तर पुढची बैठक कधी, हे कुणी सांगायला तयार नव्हतं. चौदा किलोंसाठी मी बहीण घालवतोय, असं वाटायला लागलं होतं. मी गोदामाच्या काट्यावर उभा राहून रडलो आहे. तेव्हाही त्याने एकशे चारच दाखवले.

बैठकीच्या दिवशी सकाळी दुकानात शेवटचं पाहिलं: एकशे चार. डॉक्टरीणबाईंची माफी मागायची म्हणून दवाखान्यात गेलो, आधाराला मेहुणा होता. पँट नाडीने बांधलेली. नर्सबाईंनी 'चढा' म्हटलं, मी डोळे मिटून चढलो. डोळे उघडले तर नव्व्याण्णव! मला आधी आनंदाने गहिवरून आलं. मग धंदा आठवला. ताई, मी या धंद्यात केस पांढरे केलेत. तासाभरात माणूस पाच किलो उतरत नाही. दोन काट्यांचं जुळेना म्हणजे एक तरी खोटा, आणि हे दोन्ही काटे माझ्याच दुकानात जुळवलेले. मी सावकाश वळून मेहुण्याकडे पाहिलं. तो छताचा पंखा बघत होता. पंखा बंद होता.

थोडक्यात सांगतो. कमरेमुळे त्याने लोखंडी वजनं उचलणं केव्हाच सोडून दिलं होतं. दाजी रोज चढतातच, दाजींचं वजन वर्षानुवर्षं एकशे चार, एक चमचा इकडेतिकडे नाही. मग वजनं कशाला उचलायची? मी काटा तपासतोय असं मला वाटायचं, तेव्हा तो माझ्याकडून काटा जुळवून घेत असायचा. मी उतरत गेलो आणि तो रोज नव्या काट्याला शिकवत राहिला की हे एकशे चार आहेत. दवाखान्याचा काटा मी अर्धामुर्धा उतरलेला असताना दुरुस्तीला आला होता, म्हणून तो नव्व्याण्णववर थांबला. "आहार चाललाय हे तुला माहीत होतं ना रे?" असं मी विचारलं. तर म्हणाला, "होतं ना दाजी. पण आमची ताई म्हणायची तुम्ही चोरून खाता." बहिणीवर एवढा विश्वास असलेला भाऊ मी दुसरा पाहिला नाही.

मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं, तुमचा काटा चुकीचा आहे. त्या अजिबात दचकल्या नाहीत. म्हणाल्या, "इथे चढणारा प्रत्येक जण हेच सांगतो." मी म्हटलं, पण मी काटेवाला आहे! नर्सबाईंनी तोंडाला रुमाल लावला. समिती वरच्या मजल्यावर बसली होती, फाइल टेबलावर उघडी होती, बाईंनी पेनचं टोपण काढलं होतं. मी हात जोडून म्हटलं, एकदा तुम्ही स्वतः चढून बघा. मला गप्प करण्यासाठी त्या चढल्या. आकडा बघितला. पुन्हा बघितला. चपला काढल्या, गळ्यातली नळी नर्सकडे दिली, पुन्हा चढल्या. मग खाली उतरून गंभीरपणे म्हणाल्या, "हा काटा बिघडलेला आहे."

मग खरा काटा शोधायची धावपळ. दवाखान्यात दुसरा मोठा काटा एकच, मागच्या बाजूला, चादरींची गाठोडी तोलायचा. तो कुणाचा, विचार? आपल्या समोरच्या गल्लीतल्या त्या काटेवाल्याचा. ज्याच्या कामाला मी आजवर येताजाता नावं ठेवली, तोच. डॉक्टरीणबाईंनी वाटेत आठवणही करून दिली की त्याचे काटे भंगार आहेत असं मीच त्यांना सांगितलं होतं. मी म्हटलं, माणूस रागात काहीही बोलतो. ओल्या चादरींच्या ढिगात, अंगात फक्त बनियन आणि नाडीवाली पँट, घड्याळ, चष्मा, कंबरपट्टा सगळं मेहुण्याच्या ओंजळीत, असा मी त्या काट्यावर चढलो. मी मनातल्या मनात त्या माणसाची क्षमा मागितली. त्याच्या मुलाबाळांचं भलं चिंतलं. आकडे धावले, थांबले, पुन्हा जरा हलले. श्वास घेऊ की नको कळेना. एकोणनव्वद आणि वर थोडे ग्रॅम. तिथे गाठोडी बांधत बसलेल्या धोब्याने सगळ्यांत आधी टाळी वाजवली. डॉक्टरीणबाई जिना चढून फाइल घेऊन गेल्या आणि बैठकीत माझं नाव पास झालं. शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी पुन्हा तोलणार आहेत, आणि पुढेही जन्मभर एवढंच ठेवा म्हणाल्या. घरी येऊन हिला सांगितलं तर ती आधी भावाला बोल बोल बोलली आणि मग माझे हात धरून बसून राहिली. या वेळी हुंगले नाहीत.

तेव्हा तुझी पदवी मी साभार परत करतो. भाऊजींची काळजी घे, ते तुझी घेतातच.

तुझाच,
(पूर्वीचा) ढोल्या

ता. क. मेहुणा सध्या कमरेला पट्टा बांधून गावभर काटे परत गोळा करत हिंडतोय. व्यायामशाळेचा मालक काटा द्यायला तयार नाही. म्हणतो, हा दुरुस्त होऊन आल्यापासून लोक नियमित यायला लागलेत.

आणखी ता. क. आता तुझ्या डब्यांबद्दल. दर शनिवारी येणारा केकचा डबा, 'सहज केला, तुझी आठवण आली' अशा चिठ्ठीसकट. आधी ही म्हणायची, ताईंना बिचाऱ्यांना पथ्याचं कळत नाही. मग एक दिवस तिने त्यात लोणी किती आहे ते पाहिलं आणि खुर्चीत बसली. म्हणाली, त्यांना सगळं कळतंय. ताई, मशीनवरून उतरून, दम लागत असताना तू ओट्यापाशी उभी राहून केक करत होतीस, ते मला नापास करायला. सगळे डबे मेहुण्याने संपवले (एक काठाचा तुकडा सोडून, तो दिवस फार वाईट होता). तू माझ्यासाठी घाबरतेस हे मला ठाऊक आहे. मीही घाबरलोय. पोट कापून घ्यायची मला हौस नाही. पण एक दिवस मी फोन करीन आणि तू तो उचलायला नसशील, याची मला त्याहून जास्त भीती वाटते.

शेवटचं. समितीचा कागद तुझ्याकडे येतोय, त्यावर तुझी सही लागते. डॉक्टरीणबाईंना सांगू नकोस, पण मी हे फार दिवस टिकवू शकेन असं मला वाटत नाही. तेव्हा लवकर हो म्हण, ताई. मला फार भूक लागली आहे.