न पडलेल्या तेरा पडण्यांबाबत

दिनांक : ११ जून

प्रति,
मा. अध्यक्ष,
रुग्ण-पतन प्रतिबंध समिती,
टेकडीवरील अस्थिरोग रुग्णालय, कोबे, जपान.

विषय : तेरा पडण्यांची नोंद रद्द करून अर्जदारास घरी सोडणेबाबत.
संदर्भ : आपला नियम, "सलग सात दिवस न पडल्यास घरी".

महोदय,

१. अर्जदार सदानंद केळशीकर, वय ७४, अडतीस वर्षे कोबेत मोती पारखून निवृत्त झालेला इसम. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल होऊन त्यास आज तेवीस दिवस झाले. शस्त्रक्रिया झकास झाली. गुडघा घरी जायला तयार आहे, घोडे अडले आहे ते कागदावर.

२. सकाळी उठल्यावर पाय टेकण्याआधी जमिनीला हात लावून तो कपाळाला लावायचा, ही अर्जदाराची लहानपणापासूनची सवय. दिवसभर तिला तुडवायचे, म्हणून आधी माफी मागायची, एवढाच त्याचा अर्थ. आपण नेमके त्याच जागी वाजणारे पायपुसणे अंथरले आहे. हात लागला की परिचारिकांच्या खोलीत बालगीत वाजते, तिघीजणी धावत येतात, आणि अर्धा पलंगावर, अर्धा खाली असा अर्जदार पाहून "पडला" अशी नोंद होते.

३. अर्जदाराने खुलासा केला नाही, असे नाही. तो "रुग्ण जमिनीची क्षमा मागतो" असा लिहून घेण्यात आला आणि दुपारी डोक्याचे डॉक्टर आले. त्यांनी शंभरातून सात-सात वजा करायला लावले. अर्जदाराने थेट दोनपर्यंत आणून दाखवले! तरीही उपाय म्हणून पलंग जमिनीपासून वीतभर उंचीवर आणला गेला. त्यामुळे नमस्कार उलट सोयीचा झाला. एकदा अर्जदार मन घट्ट करून तसाच उठला, पण दिवसभर चैन पडेना, म्हणून राहिलेला नमस्कार संध्याकाळी केला. "आता सायंकाळीही पडतो" अशी नोंद झाली.

४. तेरावे पडणे परवाचे. परिचारिका नाकागावासान ही चोवीस वर्षांची गुणी मुलगी. प्रत्येक पडण्यामागे "पुन्हा असे होऊ नये म्हणून" चार पानी अहवाल तिलाच लिहावा लागतो. आणि वर तीच बिचारी अर्जदाराची माफी मागायला कमरेत वाकली. आपण ढिम्म बसून राहावे हे बरे दिसेना, म्हणून अर्जदारही वाकला. हात टेकला. बालगीत वाजले.

५. आता खरे ते सांगून टाकतो. अर्जदार एकदा खरोखर पडला आहे. परवाच दुपारी पायपुसणे दुरुस्तीला नेले (ते अद्याप आलेले नाही), नाकागावासान तेरावा अहवाल लिहीत होती, आणि नातीच्या वयाच्या मुलीला संडासासाठी उठवणे जिवावर आले. अर्जदार एकटा गेला आणि दाणकन आपटला. कठडा धरून उठला आणि कंबर जरा लचकली म्हणून सांगितले. लाज वाटली, दुसरे काही नाही. त्या तेरा नोंदी काढून ही एक ठेवावी, ही विनंती.

६. पण मुख्य मुद्दा वेगळाच आहे. अर्जदाराची पत्नी भानुमती, वय ७२, रोज स्टेशनपासून आपल्या टेकडीचा चढ चढून मऊ भाताचा डबा घेऊन येते. काल तिच्या तळहाताला कोपऱ्यावरच्या कोंबिनी दुकानातून घेतलेली चिकटपट्टी होती आणि गुडघ्यावर माती. भिंतीला हात घासला, म्हणाली. भिंतीला हात घासून गुडघ्याला माती लागत नाही. आदल्याच दिवशी अर्जदार स्वतः तसेच खोटे बोलला होता, त्यामुळे त्याला ते लगेच कळले. तिच्या पडण्याची नोंद कुठेही नाही. अर्जदाराला भीती वाटते, महोदय.

७. तरी अर्जदारास शनिवारच्या आत घरी सोडावे. ते नियमात बसत नसेल, तर पायपुसणे दुरुस्त होऊन आल्यावर पलंगाशी न अंथरता त्या चढावर अंथरावे, आणि ते वाजले की तिघींनी असेच धावत जावे.

खिडकीतून त्या चढाकडे डोळे लावून बसलेला,
आपला नम्र,
सदानंद केळशीकर
खाट क्र. ४०७-ब

सोबत : नात नैना हिने केलेले जपानी भाषांतर. (कलम ५ आजीला सांगू नये, अशी तिला ताकीद दिली होती. कलम ६ आजोबांना सांगू नये, अशी ताकीद तिला आजीने आधीच दिली होती, असे तिच्याकडून आज कळले.)