वरच्या ठाण्याचा वायरलेस

सांगली, ६ जानेवारी

ती. आबांना संयोगिताचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला माझं ऐकू येत नाही, आणि आईजवळ निरोप दिला तर तुमच्यापर्यंत पोचेस्तोवर त्याचं दुसरंच काही होतं, म्हणून हे पत्र.

वीरूचा फोन आला होता. त्याची तुकडी आता महिनाभर बर्फातल्या वरच्या ठाण्यावर राहणार. तिथं फक्त वायरलेस आणि सॅटेलाइट फोन. ताई, तुझ्या सूर्याला जरा आवर, असं म्हणून हसला. त्याला चेष्टा सुचते, पण माझं कामच ते आहे. सूर्यावरच्या डागापाशी चुंबकीय ताण साठतो. तो एकदम सुटला की तापलेल्या, विजेनं भारलेल्या वायूचा अवाढव्य ढग बाहेर फेकला जातो. तो आपल्याकडे आला तर वायरलेस, जीपीएस सगळं बिघडू शकतं. कॉलेजात शिकवून झालं की मी संगणकावर त्या ढगाची वाट मांडते: किती वेगानं निघाला, कधी पोचेल. पुण्याचे सुमंत सर आमच्या गटाचे प्रमुख. त्यांच्या सहीनं इशारा पुढं फौजेला, विमानतळांना, वीजवाल्यांना जातो.

गेल्या महिन्यात मी ठासून इशारा दिला. ढग आला, पण त्याच्या आतलं चुंबक पृथ्वीच्या चुंबकाच्याच दिशेचं निघालं, म्हणून तो गुमान सरकून गेला. उलटं असतं तर वादळ झालं असतं. ती दिशा ढग अगदी दारात येईपर्यंत कळत नाही, आबा. माझ्या इशाऱ्यावरून कामं थांबवलेली माणसं चिडली. सर मला बोलले नाहीत, पण हल्ली माझ्या प्रत्येक वाक्यात ‘शक्यता’ हा शब्द घालतात.

तोच डाग सूर्याबरोबर फिरून आता पुन्हा समोर येतोय, आणि आधीपेक्षा मोठा झालाय. तुम्ही फौजेत सिग्नलला होता. वायरलेस गप्प झाला की माणसं नेमकं काय करतात, एवढं लिहून कळवा.

लोभ आहेच, तो राहू द्या.
तुमची, संयोगिता

पाटण, ११ जानेवारी

चि. संयोगितास आबाचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. सूर्याकडं बघून डोळे घालवू नको, असं तुझी आई सांगती. तू संगणकात बघतीस हे तिला काय पटत न्हाई. ऊस तोडीला आलाय, टोळीचा पत्त्या न्हाई. बाकी बरं हाय.

वायरलेस गप्प झाला की आदी वाटतं सेट बिघडला. बॅटरी बदलत्यात, एरियल फिरवत्यात. तरी बोलंना म्हंजे खालच्यांना वाटतं वरचे गाडले गेले. मग कोनतरी उठतं आन् शोधाय निघतं. जतचा आकाराम माझ्यासंगं होता. गस्तीवरची पोरं बोलंनात म्हणून तो तिघांना घेऊन निघाला. पोरं दुपारी धडधाकट परत आली. आकाराम आन् ते तिघं मात्र बर्फ वितळल्यावर सापडले. सेट का गप्प होता, ते आमाला कवाच कळलं न्हाई.

गेल्या खेपंला लोक चिडले तर चिडू देत. तुला दिसलं तेवढं सांग.

जिवाला जप आन् माया असू दे.
नाथाजी

सांगली, २० जानेवारी

ती. आबांना संयोगिताचा सा. न. वि. वि.

आबा, डाग परवा फुटला. ढग सरळ आपल्याकडे निघाला. इशाऱ्यात मी एक ओळ वाढवली: संपर्क तुटल्यास तो सूर्यामुळे तुटलेला असू शकतो, तेवढ्यावरून कुणी शोधाला निघू नये. सर अडून बसले. आपण सूर्याचं सांगायचं, माणसांनी काय करावं ते नव्हे, असं त्यांचं म्हणणं. मग त्यांनी विचारलं, “आणि खरोखरच कडा कोसळला असेल तर? तुझ्या ओळीमुळं खालचे बसून राहतील.” मी त्यांना आकारामकाकांचं सांगितलं. मग त्यांनी सही केली.

माझ्या मॉडेलनं सांगितलं होतं त्याच्या कितीतरी आधी ढग येऊन थडकला. या वेळी चुंबक उलटं होतं. वीरूचं ठाणं कालपासून बोलत नाही. त्या भागात बर्फही जोराचा पडतोय म्हणे. सरांनी विचारलं तेच आता माझ्या डोक्यातून जात नाही. पोरं बर्फाखाली असतील आणि माझी ओळ वाचून कुणी हललं नसेल, तर?

आईला सांगायचं की नाही, तुम्हीच ठरवा.
तुमची, संयोगिता

पाटण, २२ जानेवारी

चि. संयोगितास आशीर्वाद.

आईला मी काय बोललो न्हाई, पर तिनं वळखलंय. सकाळपासनं एकच भांडं घासतीया. तुझ्या जागी मी असतो तर तीच ओळ लिवली असती. तरी बी पोस्टमनची वाट बघत दारातच बसलोय, खोटं कशाला सांगू? कळंल ते लगोलग कळव.

आबा

सांगली, २५ जानेवारी

ती. आबांना संयोगिताचा सा. न. वि. वि.

वीरू सुखरूप आहे. शेजारच्यांच्या फोनवर काल तो आईशी बोललाच, पण सगळं त्यानं तिला सांगितलं नाही.

ठाणं गप्प झाल्यावर खालच्या तळावरची माणसं दोर घेऊन निघायच्या बेतात होती. त्यांच्या साहेबांनी आमचा इशारा वाचून त्यांना थांबवलं. दुपारी त्याच वाटेवरचा बर्फाचा उतार कोसळून खाली आला. ताई, ते निघाले असते तर मधोमध सापडले असते, एवढंच वीरू म्हणाला.

पण इशारा वरच्या ठाण्यापर्यंत पोचलाच नाही. सांगायला अजून वेळ आहे, असं खालच्यांना वाटलं, कारण ढगाची वेळ मी चुकीची दिली होती. वरच्यांना सेटच बिघडला असं वाटलं. वीरूच्या जोडीचा शिवतेज हातमोजे काढून एरियल नीट करत बसला. त्याच्या दोन बोटांची पेरं काढावी लागली. तो लोणंदचा. घरी आई एकटीच असते.

सर म्हणतात, एवढी माणसं वाचली ते बघ. मी बघते, आबा. पण माझ्या गणितात जे तास चुकले ते त्या पोराच्या बोटांवर गेले. वेग कुठं चुकला ते शोधायला मी बसलेच आहे. त्याआधी पुढच्या रविवारी लोणंदला जाऊन त्याच्या आईला भेटणार आहे. काय बोलायचं ते अजून सुचत नाही.

तुमची, संयोगिता

पाटण, २८ जानेवारी

चि. संयोगितास अ. उ. आ.

एकटी जाऊ नको. रविवारी लोणंदच्या स्टँडवर थांब, मी सकाळच्या गाडीनं येतो. ती माउली काय बोलंल ते मला ऐकू येनार न्हाई, पर मी तुझ्याशेजारी बसून ऱ्हाईन.

आबा