एकेचाळिसाव्या घरची कोयती

मी, गुरुदास रामचंद्र वालावलकर, वय ६४, निवृत्त पोस्टमास्तर, राहणार वालावल, तालुका कुडाळ, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे.

१. राहते घर पत्नी माई हिच्या हयातीपर्यंत तिचे.

२. माझी एकुलती मुलगी सुनीती, परिचारिका, गेल्या वर्षी विषमज्वराने वारली. मुंबईच्या इस्पितळाची संशोधनवृत्ती मिळवून ती या भागात घरोघर फिरून घराच्या क्रमांकानुसार वह्यांत नोंदी करत होती. जन्मल्यावर आठवड्याच्या आत मुले आकडी येऊन का जातात, हे तिला शोधायचे होते. नाळ कापायच्या मळक्या हत्यारावर तिचा संशय होता. काम अर्धे राहिले. माडांच्या बागेच्या उत्पन्नातून तिच्या नावे संशोधनवृत्ती द्यावी. परिचारिका, डॉक्टर किंवा खेड्यांतल्या आरोग्यव्यवस्थेचा अभ्यास करणारे कोणीही चालेल. मात्र पायी घरोघर जाणारे हवे. व्यवस्था कुडाळचे वकील सत्यवान नाईक यांनी पाहावी.

३. पुतण्या मधू याने सुनीतीच्या बाराव्यालाच तिच्या वह्या न्हाणीच्या चुलीत घालायला काढल्या होत्या. त्याला माझी छत्री द्यावी. वह्यांना हात लावू देऊ नये.

४. वहीतील घर क्रमांक ४१ आमचे आहे. सुनीतीच्या आधी आमचे दोन मुलगे सातव्या-आठव्या दिवशी गेले. तिने मला विचारले होते,

"अप्पा, माझ्या भावांची नाळ कशान कापलली?"

"डॉक्टराच्या कातरेन."

"खरां मां?"

"खरां."

"मगे आमच्या घरात सटवीच इली म्हणायची!" म्हणून ती हसली आणि तसे लिहून घेतले.

ते खोटे आहे. नाळ आमच्या कोयतीने कापली. माझे आजोबा त्याच कोयतीवर जन्मून नव्वद वर्षे जगले, म्हणून ती शकुनाची मानतात. दोन्ही वेळा माडाखालून ती मी आणून दिली, नुसती धोतराला पुसून. पुढच्या अभ्यासकाने ही नोंद दुरुस्त करावी. माईला हे ऐकवताना तिला एकटी ठेवू नये.

५. ती कोयती आज घरात नाही. सोमवारी शेजारच्या लवूची बायको जानकी आली. "माई, सुनेचे दिवस भरले, तुमची कोयती व्हयी." माईने दिली. मी तिथेच बसलो होतो. तरी अडवले नाही. तेव्हापासून त्यांच्या अंगणात कोणी मोठ्याने बोलले तरी मूल झाले की काय म्हणून मी कुंपणापाशी धावतो. तोंडाने सांगायला निघतो आणि त्यांच्या दारातून परत फिरतो.

६. साक्षीदारांनी कलम चार व पाच पूर्ण वाचल्याशिवाय सही करू नये.

वालावल, ता. ९ सप्टेंबर १९६२
गुरुदास रामचंद्र वालावलकर

आमच्यासमोर सही केली:

१) सत्यवान नाईक, वकील, कुडाळ

२) लवू धोंडू परब, वालावल. सगळां वाचलंय. अप्पानू, ह्यां आदी सांगाक काय झालां होतां? कोयती आत्ताच परत हाडून दितंय. सुनेक उद्याच्या पयल्या एस्टीन कुडाळच्या दवाखान्यात व्हरतंय.